शिंगांवरून गिटार

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावचे पंच येतात, बोलणी होतात, जत्रेच्या तारखेची सुपारी ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे हे गाव. राज्य सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने देते. इथून निघालेला फड जुन्नर-आंबेगावातल्या एखाद्या गावात रात्री उभा राहिला, की एकदा वादकांकडे नीट पाहावे. ढोलकी, हलगी, झांज, तुणतुणे ही जुनी मंडळी. त्यांच्या जोडीला कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि कुठे कुठे, विशेषतः जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात, खांद्यावरून पट्ट्याने अडकवलेली इलेक्ट्रिक गिटार.

तुणतुणे आणि गिटार, दोन्ही तारवाद्ये. पण दोघांच्या शरीराची तऱ्हा इतकी उलटी आहे की एकाच मंचावर ती शेजारी दिसावीत याचे नवल वाटावे.

तुणतुण्याचे शरीर म्हणजे एक पोकळ नळकांडे. वरून उघडे, तळाला कातडे. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकुलती एक तार नळकांड्यातून वर येते आणि बाहेरून जोडलेल्या दांडीच्या खुंटीला बांधलेली असते. सुरत्या तार छेडतो, तार थरथरते, तिचा ताण कातड्याला हलवतो आणि कातडे हवा हलवते. नळकांडे आणि कातडे काढून घेतले, तर उरलेल्या तारेचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जाणार नाही. बारीक तार एकटी हवा हलवू शकत नाही, तिला पृष्ठभाग लागतो. सतारीचा भोपळा, सारंगीचे कातडे, व्हायोलिनचे पातळ लाकूड यांचे काम तेच. या वाद्यांत शरीर हाच आवाज असतो. आकार बिघडला की नाद बिघडला. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कारागीर त्याच मापांना धरून राहिले.

इलेक्ट्रिक गिटारचे शरीर बहुतेक वेळा भरीव लाकडाचा ओंडका असतो. त्याचे कोपरे करवतीने उडवले, कंबर कापली, मागचा निम्मा भाग छाटून टाकला, तरी स्पीकरमधून येणारा आवाज ओळखू येईल इतका तसाच राहतो. लाकडाच्या जातीने नादात किती फरक पडतो यावर वादक तासन्‌तास भांडतात. पण आवाज मोठा करण्याचे काम लाकडाकडे उरलेले नाही, यावर कुणाचे दुमत नाही.

मग एक प्रश्न उभा राहतो. आकाराला काही कामच नसेल, तर जगभरचे जाणकार जुन्या गिटारचा नुसता बाह्याकार पाहून तिचे घराणे आणि तिचा काळ कसा सांगतात? याचे उत्तर त्या मोकळेपणातच आहे. नादाने आकाराला सोडून दिले, तेव्हा कारखानदार, वादक आणि काळाची हौस यांनी तो आकार हाती घेतला. ज्याने त्याने आपली खूण त्यावर सोडली.

तारेखालचे चुंबक

आधी ही मोकळीक मिळाली कशी ते पाहू. १८३१ मध्ये मायकेल फॅराडेने दाखवले की तारेच्या वेटोळ्याजवळचे चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. गिटारच्या तारांखाली जी चपटी पट्टी दिसते, तो पिकअप, तो याच नियमावर चालतो. आत चुंबक, त्याभोवती मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढ्या जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती थरथरली की क्षेत्र थरथरते आणि वेढ्यांत तितक्याच वेगाने उलटसुलट वाहणारी अत्यंत क्षीण वीज तयार होते. अँप्लिफायर ती वाढवतो, स्पीकर तिचा पुन्हा आवाज करतो. नायलॉनची तार लावली तर हा पिकअप मुकाच राहील, कारण त्याला आवाज ऐकू येत नाही. त्याला पोलादाची हालचाल तेवढी कळते.

जॉर्ज बोशॅम्प आणि अडॉल्फ रिकेनबॅकर यांनी अमेरिकेत १९३१-३२ मध्ये असा पिकअप बसवलेली पहिली यशस्वी गिटार आणली. ती अॅल्युमिनियमची ओतीव होती, गोल आणि लांब दांड्याची. लोकांनी तिला तव्याचेच नाव दिले. मांडीवर आडवी ठेवून, हवाइयन पद्धतीने ती वाजवायची. तिचे पेटंट मिळायला १९३७ साल उजाडले.

त्याहून बोलका किस्सा लेस पॉल या वादकाचा. १९४० च्या सुमारास त्याने चार इंच जाड, चार इंच रुंद अशा पाइनच्या चौकोनी वाशावर तारा आणि पिकअप बसवले. वाजवून दाखवले, तर श्रोते थंड. मग त्याने एक जुनी पोकळ गिटार उभी चिरली आणि तिचे दोन अर्ध वाशाच्या दोन बाजूंना पंखांसारखे जोडले. आता तेच वाद्य, तोच आवाज, आणि लोक खूश झाले. ही गोष्ट तो पुढे स्वतःच सांगत असे. कानांना वासा पुरेसा होता, पण डोळ्यांना गिटार हवी होती.

भरीव शरीराचा एक खरा व्यावहारिक फायदाही होता. जत्रेत माइक स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी बसते, हे कुणाला सांगायला नको. पोकळ गिटारचेही तसेच होते. स्पीकरचा आवाज तिच्या पातळ लाकडाला हलवतो, लाकूड तारांना हलवते, पिकअप तेच पुन्हा स्पीकरकडे पाठवतो, आणि चक्र सुरू. ओंडका सहजी हलत नाही, म्हणून हे चक्र तुटते.

घाटातली नजर

आता ओळखायला बसू. पद्धत तीच, जी आंबेगाव-जुन्नरच्या बैलगाडा घाटात मुरलेल्या माणसाची असते. खिल्लार लांबून येत असला तरी तो रंग नंतर बघतो, आधी शिंगांची ठेवण आणि अंगाचा बांधा टिपतो. गिटारलाही शिंगे असतात. मान जिथे शरीराला मिळते तिथे लाकूड कोरून काढलेले असते, म्हणजे डाव्या हाताची बोटे वरच्या पट्टीतल्या पडद्यांपर्यंत पोहोचतात. या खोबणीमुळे जे टोक बाहेर उरते ते शिंग. एक आहे की दोन, बोथट की अणकुचीदार, सारखी की लहानमोठी, एवढ्यावर निम्मी ओळख पटते.

एकच शिंग, कडा सरळ, अंग फळीसारखे सपाट: हे टेलिकास्टरचे घराणे. लिओ फेंडरने कॅलिफोर्नियात १९५० मध्ये ती काढली, तेव्हा तिचे नाव ब्रॉडकास्टर होते. ग्रेच कंपनीच्या ढोलांना जवळपास तेच नाव असल्याने तिने फेब्रुवारी १९५१ मध्ये हरकत घेतली. फेंडरच्या कारखान्यात नवे नाव ठरेपर्यंत माथ्यावरच्या छापातून जुने नाव कातरून टाकले जाई. त्या काही महिन्यांतल्या बिननावाच्या गिटारी आज संग्राहकांचे डोळे दिपवतात.

एकच शिंग, पण अंग जाड आणि वरचा भाग घडीव, मध्ये फुगीर होत कडेला उतरणारा: ही गिब्सनची १९५२ पासूनची लेस पॉल. वाशावर पंख जोडणारा वादक आता स्वतःच एका गिटारचे नाव झाला होता. मागे महॉगनी, वर मेपलचा थर. पहिल्या गिटारी सोनेरी रंगाच्या होत्या.

दोन शिंगे, वरचे लांब, खालचे आखूड, आणि कडा गोलाईदार: ही फेंडरची १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर. टेलिकास्टरच्या कडा बरगडीत आणि कोपराखाली रुततात अशी वादकांची तक्रार होती. म्हणून मागे पोटाशी खोलगट भाग घेतला आणि पुढे हात टेकतो तिथे लाकूड उतरते केले. वरचे शिंग लांब असण्यालाही कारण आहे. खांद्याच्या पट्ट्याची खुंटी त्याच्या टोकावर असते. टोक जितके मानेच्या मध्याकडे सरकेल तितका तोल सावरतो आणि गिटारचे डोके जमिनीकडे झुकत नाही. आवाजापासून सुटलेला आकार असा माणसाच्या अंगाला येऊन भिडला.

दोन शिंगे, जवळपास सारखी, टोकदार, अंग पातळ: ही एसजी. गिब्सनने १९६१ मध्ये लेस पॉलचा जाड बांधा टाकून हा आकार आणला. सुरुवातीला त्यावरही लेस पॉल हेच नाव असे, ते १९६३ मध्ये उतरले. म्हणजे सडपातळ, दुशिंगी गिटारवर लेस पॉल हे नाव दिसले तर नकली म्हणून घाईने बाजूला सारू नये. ती कदाचित याच दोन-तीन वर्षांतली असेल.

कंबर तिरकी, जणू वरचा आणि खालचा भाग एकमेकांपासून सरकला आहे: फेंडरची १९५८ ची जॅझमास्टर किंवा १९६२ ची जग्वार. बसून वाजवणाऱ्याच्या मांडीवर ती नीट बसावी म्हणून कंबर अशी सरकवली.

शरीरावर इंग्रजी एफच्या वळणाची दोन छिद्रे, जाडी कमी, दोन गोल सारखी शिंगे: ही गिब्सनची १९५८ ची ईएस-३३५. बाजूंना पोकळ, मधोमध मात्र मेपलचा भरीव ठोकळा. पोकळ गिटारचा बाज राहावा पण शिट्टी बसू नये, म्हणून ही तडजोड. छिद्रे दिसली म्हणून गिटार पूर्ण पोकळ असेलच असे नाही, हे तिने शिकवले.

आणि १९५८ मध्येच गिब्सनने कळस केला. फ्लाइंग व्ही ही बाणाच्या टोकासारखी, एक्सप्लोरर ही सगळ्या कोनांची. त्या काळाला त्या पचल्या नाहीत. १९५८-५९ मधल्या फ्लाइंग व्ही शंभराच्या आतच विकल्या गेल्या, एक्सप्लोरर त्याहूनही कमी. आता त्याच सर्वांत दुर्मिळ गिटारींत गणल्या जातात.

नागोयाहून जत्रेत

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज आपल्याकडे खेडोपाडी पोहोचला तो मुख्यतः हिंदी सिनेमातून. १९७१ च्या ‘दम मारो दम’मधली भूपिंदर सिंग यांची गिटार ज्याने ऐकली नाही असा माणूस सापडणे कठीण. पण पिकअपवर चालणारे आणखी एक वाद्य आपल्या मिरवणुकांत त्याहून जास्त रुळले आहे: बेंजो. आडवी लांब पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणे. बटण दाबले की तार त्या पडद्यावर टेकते, दुसऱ्या हाताने छेडायची. मुळात हे जपानी ताइशोगोतो. गोरो मोरिता यांनी ते १९१२ मध्ये नागोया शहरात घडवले. भारतात ते बुलबुल तरंग झाले आणि महाराष्ट्रात पिकअप लावून लग्नाच्या वरातींत, गणपतीत, जत्रेत घुमू लागले. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी या वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट केला.

त्याच नागोयात होशिनो ही वाद्यविक्रीची पेढी. इबानेझ हे गिटारचे नाव तिचे. अमेरिकन गिटारींच्या आकारांची हुबेहूब नक्कल करून ती विकली जाई. शेवटी १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने अमेरिकेत खटला भरला. गंमत अशी की वाद शरीराच्या आकाराचा नव्हता, मानेच्या टोकाला असलेल्या माथ्याच्या आकाराचा होता. म्हणून जुनी गिटार हाती आली की शिंगांनंतर नजर माथ्यावर जायला हवी. सहाच्या सहा खुंट्या एका ओळीत असतील तर वळण फेंडरचे. तीन इकडे तीन तिकडे आणि वरची कड उघड्या पुस्तकासारखी असेल तर गिब्सनचे.

आपल्याकडे हा सावधपणा जास्तच हवा. कोलकात्याच्या गिव्हसन गिटारी वर्षानुवर्षे वाद्यांच्या दुकानांत दिसत आल्या आहेत. नाव घाईत वाचले की भलताच समज होतो. अशा देशी गिटारींवर कित्येक हात शिकले, त्यांची स्वतःची शान आहे. फक्त त्यांना अमेरिकेची जन्मगावे चिकटवू नयेत.

वर्ष कुठे लिहिलेले असते

आकार घराणे सांगतो. वर्ष विचारायचे तर गिटार उलटी करावी, मग उघडावी. मान चार स्क्रूंनी बसवली असेल तर फेंडरची रीत, सरसाने चिकटवली असेल तर गिब्सनची. १९७१ ते १९८१ मधल्या बऱ्याच स्ट्रॅटोकास्टरना मात्र तीनच स्क्रू आहेत. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्या वर्षाच्या अखेरीस स्ट्रॅटोकास्टरचा माथा मोठा झाला. म्हणजे मोठा माथा दिसला तर गिटार १९६५ च्या आधीची नाही, एवढे ठरवता येते.

आत आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखाली जो गोल पॉट असतो, त्याच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. १३७६६२८ असे असेल तर १३७ म्हणजे सीटीएस हा बनवणारा, ६६ म्हणजे १९६६, २८ म्हणजे त्या वर्षाचा अठ्ठाविसावा आठवडा. पॉट त्या आठवड्यात बनला, म्हणजे तो मूळचाच असेल तर गिटार त्याआधीची असूच शकत नाही. उलट पॉट नंतर बदललेला असेल तर गिटार त्याहून जुनीही निघेल, म्हणून टाके मूळचे आहेत का हेही पाहायचे.

रंगही बोलतो. १९५८ ते १९६० च्या लेस पॉलच्या कडेला असलेला लाल रंग उजेडाने उडतो, मध्ये पिवळट मधाळ लाकूड उरते. पण पिकअपच्या चौकटीखाली, जिथे ऊन पोहोचले नाही, तिथे तो पहिल्या दिवसासारखा लालभडक सापडतो. फेंडरचे खास रंग तर मोटारींच्या रंगांच्या डब्यांतून आलेले. रस्त्यावरची गाडी आणि मंचावरची गिटार एकाच रंगाची असू शकत होती.

खोडदची शेजारीण

पिकअपही ओळखीची खूण आहे, आणि तो थेट जुन्नर तालुक्यातल्या एका जगप्रसिद्ध यंत्राशेजारी आणून बसवतो.

एकेरी वेटोळ्याच्या पिकअपला एक खोड असते. तो तारांची हालचाल टिपतो, तशी आसपासच्या वीजवाहिन्यांची पन्नास हर्ट्‌झची गुणगुणही टिपतो. वेटोळे म्हणजे शेवटी अँटेनाच. गिब्सनमधल्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर तोड काढली. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, दुसऱ्याचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. बाहेरून येणारी गुणगुण दोघांत विरुद्ध दिशांनी उमटते आणि एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा सूर मात्र दोनदा उलटल्याने सुलट होतो आणि बेरजेत वाढतो. हा हंबकर १९५७ पासून गिब्सनच्या गिटारींवर दिसू लागला. रुंद, बहुधा धातूचे झाकण असलेली दुहेरी पट्टी दिसली तर तो असण्याची शक्यता मोठी.

आता नारायणगावजवळ खोडदला चला. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तिथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. मोठ्या शहरांचा रेडिओ गोंगाट इथे कमी, हे जागा निवडण्यामागचे एक मोठे कारण. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतले संकेत एकमेकांशी ताडून पाहिले जातात. एखाद्या तबकडीच्या स्वतःच्या यंत्रणेतला खरखराट दुसरीत नसतो, म्हणून तो सरासरीत झिजून जातो. आकाशातून आलेला संकेत दोन्हींत असतो, तो उरतो.

हंबकर आणि दुर्बीण यांची नीती नेमकी उलटी आहे. गिटारचा पिकअप दोन्ही वेटोळ्यांवर बाहेरून सारखे येणारे फेकून देतो. दुर्बीण दोन तबकड्यांत सारखे असलेले तेवढेच ठेवते. पण दोघांचा धडा एकच: गोंगाटातून काही वेचायचे तर एक कान पुरत नाही, दोन लागतात.

आकार कुणाचा?

फेंडरला आपल्या गिटारींच्या शरीरांचे आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचे होते. अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २००९ मध्ये ते नाकारले. इतक्या जणांनी इतकी वर्षे हे आकार वापरले आहेत की ते कुणा एका कंपनीची ओळख राहिलेले नाहीत, असे त्याचे म्हणणे. त्याआधी २००५ मध्ये गिब्सनही एकशिंगी आकारावरून पॉल रीड स्मिथ या कंपनीविरुद्धचा खटला वरच्या न्यायालयात हरली होती. स्ट्रॅटोकास्टरचा आकार लहान मूलही गिटार म्हणून ओळखते, आणि कायद्याला अडचण झाली ती याचीच.

म्हणून मंचरच्या एखाद्या घरात माळ्यावर, किंवा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या पेटीत जुनी इलेक्ट्रिक गिटार सापडली, तर शिंगांवरून घराणे म्हणा, मालकाचे नाव लगेच घेऊ नका. आधी अंग पोकळ की भरीव ते ठोकून पाहा. शिंगे मोजा, कडा सपाट की घडीव ते पाहा, माथा आणि मानेचा जोड तपासा. मग जाणत्या माणसाकडून ती उघडवून घ्या आणि पॉटवरचे आकडे उतरवून घ्या. प्रत्येक पायरीला फोटो काढा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, ती चकचकीत करण्यासाठी सुताराकडे पॉलिशला देऊ नका. जुना रंग खरवडला की किंमत बरीच उतरते, आणि वर्ष सांगणारी अर्धी साक्ष त्या भुशाबरोबर झाडून टाकली जाते.